नव्या कार्डावर व्हाइस सिटी जुन्या कॅफेपेक्षा वाईट का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा पीसी घेतला, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, २७ इंची मॉनिटर, २५६० बाय १४४०, १६५ हर्ट्‌झ. हौसेनं जीटीए मालिकेतली व्हाइस सिटी, २००५ सालचा गाड्यांचा मोस्ट वॉन्टेड आणि अंधारात लपून खेळायचा पहिला स्प्लिंटर सेल हे जुने गेम टाकले, तर कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत दिसायचे त्याहून ते भिकार आणि काळोखे दिसतायत. कुणी सांगतं ईएनबी (चकाकी-प्रतिबिंबं चढवणारी जोडणी) टाक, कुणी सांगतं फोर-के टेक्स्चरचा (गेममधल्या भिंती-रस्त्यांवर चिकटवलेल्या चित्रांचा) पॅक टाक. नेमकं काय टाकू, आणि एवढं महाग कार्ड वाया गेलं का?

पहिलं उत्तर देऊन टाकतो: अजून काहीच टाकू नका.

मी नाशिकला पीसी जोडणी-दुरुस्तीच्या धंद्यात आहे, बावीस वर्षं झाली. पहिली चार वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत सहा मशीन लावून तासावर गेमिंगही चालवलं. त्यामुळे तुम्ही ज्या चित्राची आठवण काढताय ते मी रोज बघितलंय. त्या खोलीत बसणारी पोरं आता चाळिशीला टेकलीत, नवं मशीन न्यायला येतात आणि निघताना हळूच म्हणतात, "दादा, व्हाइस सिटी पण टाकून द्या की." आठ दिवसांनी त्यांचा जो फोन येतो, तोच तुमचा प्रश्न आहे.

तुम्हाला वाटतंय की ग्राफिक्स जुने झाले म्हणून वाईट दिसतात. जुने झालेत हे खरं. पण फाइल तीच आहे, तिच्यातला एक ठिपकाही बदललेला नाही. बदलला आहे तो गेमपासून तुमच्या डोळ्यापर्यंतचा रस्ता. मधे विंडोज बदलली, कार्डाची भाषा बदलली, पडद्याचा आकार आणि जातही बदलली. गेम काढतोय ते चित्र तुमच्यापर्यंत धड पोचतच नाहीये, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या चित्रावर वरून रंगरंगोटी करायला लोक तुम्हाला सांगतायत. भिंतीला ओल असताना डिस्टेंपर मारण्यातला प्रकार आहे हा.

पडद्यापासून सुरू करू. कॅफेतला मॉनिटर १७ इंची, पाठीमागे पोट सुटलेला, काचेच्या नळीचा. एलसीडीला असतात तसे ठरावीक ठिपके त्याला नव्हते. ६४० बाय ४८० द्या, ८०० बाय ६०० द्या, नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत तेवढ्या ओळी मारायचा. प्रत्येक ठिपक्याची कड थोडी फुटलेली, शेजारच्यात मिसळलेली असायची. त्या मऊपणात पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा आपोआप विरून जायच्या, आणि काळा रंग खरोखर काळा असायचा. तुमच्या नव्या पडद्याला उभे १४४० ठिपके आहेत, त्यात एक कमी नाही की जास्त नाही. त्यावर ८०० बाय ६०० चं चित्र ताणलं की एका ठिपक्याचे २.४ ठिपके करायची पाळी येते. ते होत नाही, म्हणून मॉनिटर शेजारचे रंग कालवून भागवतो आणि सगळं धुरकट होतं. गंमत म्हणजे ६४० बाय ४८० तुमच्याकडे ८०० बाय ६०० पेक्षा स्वच्छ दिसू शकतं, कारण ४८० ची बरोबर तिप्पट १४४० होते. तुमच्या कार्डाच्या चिपची कंपनी एनव्हिडिया, तिच्या ड्रायव्हरमध्ये (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) 'इंटिजर स्केलिंग' म्हणून ठिपके पूर्ण पटीतच मोठे करायची सोय आहे, २०१९ पासून, ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांना. रोड रॅश किंवा एज ऑफ एम्पायर्ससारखे टूडी गेम काढलेत तर ती जरूर लावून बघा.

तुमचे तिन्ही गेम मात्र थ्रीडी आहेत, आणि थ्रीडी गेमला चित्र मोठ्या मापात काढायला सांगता येतं, ताणायची गरज नाही. म्हणून पहिली पायरी: गेम मॉनिटरच्या मूळ मापात, २५६० बाय १४४० मध्ये चालला पाहिजे. ८०० बाय ६०० म्हणजे चार लाख ऐंशी हजार ठिपके, तुमचा पडदा म्हणजे जवळजवळ सदतीस लाख. एवढ्या एका बदलानं जो फरक पडतो तो कुठल्याही मॉडनं (हौशी लोकांनी केलेल्या जोडणीनं) पडत नाही.

पण इथेच दुसरा घोळ होतो. हे गेम चारास तीन आकाराच्या पडद्यासाठी लिहिलेले आहेत, तुमचा पडदा सोळास नऊ. व्हाइस सिटीत मोठं माप निवडलंत तर कोपऱ्यातलं गोल रडार अंड्यासारखं लांबट होतं, अक्षरं पसरतात. मोस्ट वॉन्टेडच्या मेनूत तर रुंद रिझोल्यूशनच नाही. या दोन्हींसाठी हौशी मंडळींनी 'वाइडस्क्रीन फिक्स' करून ठेवलेत. ते बघण्याचा कोन रुंद करतात आणि रडार, स्पीडोमीटर, मजकूर हे सगळं आपापल्या मूळ प्रमाणात ठेवतात. मोस्ट वॉन्टेडच्या फिक्समध्ये सावल्यांचं रिझोल्यूशन वाढवायचीही सोय आहे, ती सोडू नका. गाडीखालची सावली त्या काळी मेमरी वाचवायला बारीक ठेवलेली होती, मोठ्या पडद्यावर ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

व्हाइस सिटीला त्याच्या जोडीला 'सायलेंटपॅच' लागतो. तो ग्राफिक्स वाढवत नाही, पीसीच्या आवृत्तीत राहून गेलेले बारीकसारीक दोष दुरुस्त करतो. आणि 'स्कायजीएफएक्स' नावाचा एक मॉड आहे, त्यानं कन्सोलवरच्या आवृत्तीतली गाड्यांची चकाकी आणि रंगांची झाक पीसीवर आणता येते. माझं मत विचाराल तर व्हाइस सिटीसाठी हे तीन पुरे. चौथं काही टाकायच्या आधी आठवडाभर खेळून बघा. डिस्प्लेच्या मेनूत 'ट्रेल्स' म्हणून एक बटण आहे, ते चालू असलं की आधीच्या फ्रेमची झाक पुढच्या फ्रेमवर उरते. लहान पडद्यावर ते गुलाबी धुकं छान वाटायचं, २७ इंचावर अनेकांना डोळे चोळावेसे वाटतात. बंद करून बघा, मग ठरवा.

आता कार्डाच्या भाषेकडे येतो. खरी मजा इथे आहे, आणि लोकांचं दुर्लक्षही इथेच होतं.

व्हाइस सिटी आणि स्प्लिंटर सेल डायरेक्टथ्रीडी ८ या भाषेच्या काळातले. त्या वेळच्या कार्डाला गेम ज्या भाषेत हुकूम द्यायचा ती भाषा आजच्या ड्रायव्हरला कळते, पण आजोबांची मोडी लिपी नातवाला जेवढी कळेल तेवढीच. बराचसा मजकूर लागतो, काही शब्द गाळले जातात. त्यात ड्रायव्हर तक्रार करत नाही. गेम चालतो, चूक दाखवत नाही, फक्त चित्रातलं काहीतरी गायब असतं. मूळ चित्र आठवत नसेल तर तुमच्या ते लक्षातही येत नाही.

स्प्लिंटर सेल हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि तुम्ही तोच टाकलाय म्हणून जरा थांबतो. हा गेम २००२ च्या अखेरीस एक्सबॉक्सवर आला, २००३ च्या फेब्रुवारीत पीसीवर. एक्सबॉक्सची ग्राफिक्स चिप एनव्हिडियाची होती, जीफोर्स ३ च्या घराण्यातली. त्या चिपला सावल्या हिशोबायची एक खास सोय होती, शॅडो बफर. तिच्यावर सगळा गेम उभा आहे: खिडकीच्या पट्ट्यांतून आलेला उजेड भिंतीवर पडतो, जाळीची सावली नायकाच्या अंगावरून सरकते, आणि तुम्ही अंधारात आहात की उजेडात हे तुम्हाला डोळ्यानं कळतं. पीसीवर ही सोय त्या काळच्या जीफोर्स कार्डांना मिळाली. बाकीच्यांसाठी 'प्रोजेक्टर' नावाची साधी पद्धत ठेवली. पुढे कार्डं बदलली आणि ती जुनी सोय नीट चालेनाशी झाली. म्हणजे ज्या गेमचा जीवच सावलीत आहे, त्याच्या सावल्या हजारो रुपयांच्या नव्या कार्डावर अर्ध्या गायब, आणि २००३ सालच्या जीफोर्सवर शाबूत!

यावर ईएनबी मारून काय होणार? सपाट उजेड जरा चमकदार होईल, एवढंच.

इलाज आहे दुभाष्याचा. मंडळी याला रॅपर म्हणतात. डीजीव्हूडू २ हा त्यातला सर्वांत उपयोगी. तो गेमचे जुने हुकूम ऐकतो आणि डायरेक्टथ्रीडी ११ किंवा १२ च्या भाषेत तुमच्या कार्डाला सांगतो. गेमसमोर तो जुन्या कार्डाचं सोंगही घेतो. स्प्लिंटर सेलसाठी मी त्याला जीफोर्स ४ टीआय ४८०० चा मुखवटा देतो, गेमच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये सावलीची पद्धत शॅडो बफरवर सक्तीनं आणतो, आणि त्या जाळीच्या सावल्या परत येतात. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं हे बघितल्यावर अर्धा तास गेम पुढे नेलाच नाही, नुसता दिव्याखाली मागे-पुढे चालत राहिला.

बसवायचं कसं? रॅपरच्या डाउनलोडमधल्या ३२ बिटच्या फोल्डरातली डीथ्रीडी८.डीएलएल ही एक फाइल आणि त्याची कंट्रोल पॅनेलची फाइल गेमच्या ईएक्सईच्या (ज्या फाइलनं गेम सुरू होतो तिच्या) शेजारी ठेवायची. शेजारी म्हणजे अगदी त्याच फोल्डरात. स्प्लिंटर सेलची ईएक्सई 'सिस्टिम' नावाच्या उपफोल्डरात आहे, लोक वरच्या फोल्डरात टाकतात आणि 'काहीच फरक पडला नाही' म्हणतात. गेम सुरू होताना शेजारची डीएलएल आधी उचलतो, विंडोजची नंतर, सगळी युक्ती एवढीच आहे. काम झालं की नाही हे ओळखायला कंट्रोल पॅनेलमधलं वॉटरमार्क चालू ठेवा: पडद्याच्या कोपऱ्यात डीजीव्हूडूचं चिन्ह दिसलं म्हणजे दुभाष्या कामाला लागला. खात्री पटली की बंद करा.

मोस्ट वॉन्टेड डायरेक्टथ्रीडी ९ चा आहे, तुमच्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला ती भाषा अजून बऱ्यापैकी येते. तिथे रॅपरशिवाय भागतं. पण हे कार्डावर अवलंबून आहे. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे इंटेल आर्क कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये ती कार्डं आली तेव्हा त्यांचा ड्रायव्हर डायरेक्टथ्रीडी ९ चे गेम थेट न चालवता भाषांतर करून चालवायचा आणि वेग मार खायचा. नंतर इंटेलनं त्यात बरीच सुधारणा केली, पण तरी अडलं तर डीएक्सव्हीके हा दुसरा दुभाष्या वापरून बघावा. तो जुने हुकूम व्हल्कन या नव्या भाषेत नेतो. मुळात तो लिनक्सवाल्यांसाठी बनला, विंडोजवर त्याला अधिकृत आधार नाही, पण चालतो. जीटीए ४ अडखळत चालत असेल तर मी पहिला प्रयोग त्याचाच करतो. लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं: जुना गेम पुष्कळदा मोठं कार्ड सोडून प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवरच चालत बसतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन त्या ईएक्सईला मोठं कार्ड नेमून द्यावं लागतं.

चित्र काळोखं दिसतंय असंही तुम्ही लिहिलंय. जुने गेम ब्राइटनेस वाढवायला स्वतःच्या चित्राला हात लावत नसत, सगळ्या पडद्याचा गॅमाच (उजेड-अंधाराचं प्रमाण) बदलायचे. फुल स्क्रीनमध्ये ते जमायचं. आता तुम्ही गेम खिडकीत किंवा बॉर्डरलेस चालवलात की विंडोज तो हुकूम कित्येकदा मानतच नाही, स्लायडर हलतो आणि पडदा तसाच. खऱ्या फुल स्क्रीनमध्ये चालवा किंवा रॅपरच्या सेटिंगमधून उजेड वाढवा. मॉनिटरची बटणं दाबून वाढवू नका, काळ्याचं राखाडी होतं.

इथवर आपण एकही 'सुधारणा' केलेली नाही, हरवलेलं परत आणलंय. थांबायचं असेल तर इथे थांबता येतं. माझी दहातली सात गिऱ्हाइकं इथेच खूश होऊन जातात (मोजून ठेवलेलं नाही, अंदाज आहे). पण तुमच्याकडे कार्ड आहे, तर त्याला कामाला लावू.

पहिलं, अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग, सोळा पट. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये त्या गेमच्या प्रोफाइलमधून लादा. रस्ता लांबवर तिरपा जातो तिथे टेक्स्चरचा चिखल होतो, तो यानं जातो. मोस्ट वॉन्टेडमध्ये हायवेवरचे पांढरे पट्टे क्षितिजापर्यंत धारदार दिसायला लागतात. आजच्या कार्डाला याची किंमत जवळपास शून्य.

दुसरं, कडा. ड्रायव्हरमधून अँटी-अलायझिंग (पायऱ्यांसारख्या कडा गुळगुळीत करणं) लादणं जुन्या गेमवर कधी लागतं, कधी नाही, कधी नवेच दोष काढतं. साधारण २००७-०८ नंतरच्या पुष्कळ इंजिनांत उजेडाचा हिशोब नंतर करायची पद्धत आली, त्यांच्यावर तर हा उपाय बहुतेक वेळा चालतच नाही. मी त्या भानगडीत न पडता सरळ सुपरसॅम्पलिंग करतो. एनव्हिडियात त्याचं नाव डीएसआर, एएमडीच्या कार्डांत व्हीएसआर. चारपट निवडलंत की गेम ५१२० बाय २८८० मध्ये चित्र काढतो, म्हणजे एक कोटी सत्तेचाळीस लाख ठिपके, आणि ते आटवून तुमच्या पडद्यावर बसवलं जातं. दूध आटवल्यासारखं, साय तेवढी उरते. तारा, जाळ्या, लांबचे विजेचे खांब यांची थरथर थांबते. ४०६० ला २००३ चा गेम या मापात चालवणं जड नाही. तुमचं कार्ड वाया गेलं का, याचं अर्धं उत्तर हेच. एक अडचण येते: ज्या गेममध्ये मजकूर ठिपक्यांच्या मोजमापात लिहिलेला असतो तिथे अक्षरं मुंगीएवढी होतात. वाइडस्क्रीन फिक्स असेल तर बहुधा तोच सांभाळून घेतो, नाहीतर चारपटीऐवजी खाली या.

तिसरं, वेग. १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर आहे म्हणून सेकंदाला १६५ फ्रेमचा हट्ट धरू नका. जुन्या गेमांत भौतिकशास्त्र, म्हणजे हालचालींचा हिशोब, फ्रेमला बांधलेलं असतं. व्हाइस सिटीचा फ्रेम लिमिटर गेमला ३० वर रोखतो तो उगाच नाही, तो काढला की गाड्यांचं वागणं बिघडतं. त्याच मालिकेतल्या सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम वाढल्या की माणूस हळू पोहतो. जीटीए ४ चा किस्सा तर प्रसिद्ध आहे: शेवटच्या मिशनमध्ये लोंबकळत हेलिकॉप्टरात चढायचं असतं, आणि फ्रेम जास्त असल्या की कितीही बटण बडवा, नायक वर चढतच नाही. ३० वर आणून पार करायचं आणि पुन्हा वाढवायचं. माझ्या भाच्यानं त्यासाठी कीबोर्डचं एक बटण मोडलं होतं.

आता ज्यावरून तुमचा प्रश्न सुरू झाला तिकडे वळू: टेक्स्चर पॅक आणि ईएनबी, रीशेड (तयार चित्रावर वरून इफेक्ट चढवणारं साधन) वगैरे.

टेक्स्चर पॅकमध्ये दोन जाती आहेत. एक, कुणीतरी बसून प्रत्येक भिंत, प्रत्येक पाटी नव्यानं काढलेली. दुसरी, मूळ टेक्स्चर यंत्राकडून मोठं करून घेतलेली. दुसरी जात गेल्या काही वर्षांत फोफावली, कारण रात्रभर संगणक चालू ठेवला की हजारो टेक्स्चर तयार. विटा, गवत, डांबर यांवर ती छान बसते. पण यंत्राला पाटीवर काय लिहिलंय हे कळत नाही. याचं उदाहरण छोट्या हौशी माणसांचं नाही, खुद्द कंपनीचं आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या त्रयीची 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली. तिच्यात टफ नट डोनट्स नावाच्या दुकानावर एक भलामोठा नट आहे, बोल्टवर फिरवतात तो षट्‌कोनी नट. नावातला विनोदच त्यावर आहे. नव्या आवृत्तीत त्याच्या कडा गुळगुळीत होऊन तो नुसता गोल झाला. विनोद गेला, दुकान राहिलं. पाट्यांवरची स्पेलिंगंही बिघडली. लोक एवढे चिडले की जीटीएची कंपनी रॉकस्टारनं जाहीर माफी मागितली आणि विक्रीतून काढलेल्या जुन्या पीसी आवृत्त्या पुन्हा उपलब्ध करून दिल्या.

त्याच आवृत्तीचा दुसरा धडा धुक्याचा. सॅन अँड्रियासमध्ये लांबवर धुकं होतं, कारण प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी. लांबचं दाखवायला जागाच नव्हती. नव्या आवृत्तीत ते काढलं, आणि डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं एका नजरेत दिसायला लागली. एवढं मोठं वाटणारं राज्य तालुक्याएवढं निघालं. म्हणून 'ड्रॉ डिस्टन्स' (किती लांबचं दिसावं ते अंतर) वाढवणारा मॉड टाकताना हात आखडता ठेवा. थोडा वाढवला की इमारती अचानक उगवणं थांबतं, तेवढं पुरे.

आणि हे काही आजचं नाही. १९९७ च्या सुरुवातीला क्वेक या बंदुकीच्या गेमची ग्राफिक्स कार्डावर चालणारी आवृत्ती आली तेव्हा सगळे तिच्या गुळगुळीतपणावर भाळले. पण मूळ सॉफ्टवेअर आवृत्तीत दिव्याजवळची भिंत जशी तळपायची, ते तळपणं नव्या आवृत्तीत कापलं गेलं, आणि पाण्याखाली गेल्यावर सगळं चित्र डुलायचं तेही गेलं. क्वेकचा सोर्स कोड १९९९ मध्ये खुला झाला म्हणून पुढे लोकांनी ते परत आणलं. ज्या गेमचा कोड खुला आहे, उदाहरणार्थ डूम आणि पहिले तीन क्वेक, त्यांना मी कधी रॅपर लावत नाही, सरळ आधुनिक सोर्स पोर्ट (त्याच कोडावरून आजच्या मशीनसाठी बांधलेली आवृत्ती) घेतो. मॉरोविंड या गेमचं इंजिनही लोकांनी स्वतंत्रपणे नव्यानं लिहिलंय, ओपनएमडब्ल्यू. दुर्दैवानं तुमच्या तिन्ही गेमांना ती वाट अशी सरळ मोकळी नाही.

रीशेड मी वापरतो, पण मिठासारखं. थोडं शार्पनिंग, फार तर कोपऱ्यांत हलकी सावली धरणारा एक इफेक्ट. तो इफेक्ट कुठली वस्तू किती लांब आहे या गेमच्या हिशोबावर चालतो आणि मल्टीसॅम्पल अँटी-अलायझिंग चालू असलं की रीशेडला तो हिशोब वाचता येत नाही, त्यामुळे 'इफेक्ट दिसतच नाही' अशी ओरड होते. सुपरसॅम्पलिंगवर राहण्याचं हेही एक कारण. काचेच्या नळीची नक्कल करणारे शेडरही त्यात मिळतात. तुम्हाला खरोखर कॅफेचीच आठवण छळत असेल तर सगळं सोडून तेच लावून बघा. एक सावधगिरी: ऑनलाइन खेळाच्या फोल्डरात असल्या डीएलएल टाकू नका, फसवेगिरीविरोधी यंत्रणा कधी खातं बंद करेल सांगता येत नाही.

ब्लूम (उजळ जागांभोवतीचं तेज) आणि चकाकीच्या जड प्रीसेटबद्दल (तयार सेटिंगबद्दल) माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. काही वर्षांपूर्वी त्याच भाच्यासाठी मी व्हाइस सिटी नटवली होती: मोठी टेक्स्चर, ईएनबी, ओल्या रस्त्यात निऑनची प्रतिबिंबं. फोटो काढून मित्रांना पाठवण्यासारखी. पोरगं तासभर खेळलं आणि म्हणालं, "मामा, मिशन कुठून घ्यायचं तेच दिसत नाही." बघितलं तर खरंच, मिशनचा गुलाबी गोल त्या झगमगाटात विरून गेला होता. मूळ गेममध्ये तो गोल सगळ्या पडद्यावर ओरडून उठायचा, कारण बाकीचं चित्र मुद्दाम साधं होतं.

मोस्ट वॉन्टेडच्या पिवळट झाकेबद्दलही लोक विचारतात, ती काढणारे मॉड पुष्कळ आहेत. आवडीचा प्रश्न आहे. मी काढत नाही. गेममधल्या रॉकपोर्ट शहराचं ते ऊन, रस्त्याकडेची वाळलेली पानं, ती झाक काढली की सगळं दुपारी बाराच्या पार्किंग लॉटसारखं दिसतं. गेममधलं 'व्हिज्युअल ट्रीटमेंट' फक्त 'हाय'वर ठेवा. आणि मधले व्हिडिओ धुरकट दिसणार, ते त्या काळच्या लहान मापात साठवलेत, त्यांना रॅपरही वाचवू शकत नाही.

आरटीएक्स रीमिक्सचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कार्डाचं नाव बघून कुणीतरी सांगेलच. एनव्हिडियाचं हे साधन २०२२ मध्ये जाहीर झालं. जुन्या गेमचं दृश्य अडवून घेतं आणि उजेड नव्यानं किरणांनी हिशोबतं. पोर्टलची तशी आवृत्ती त्याच डिसेंबरात आली, हाफ-लाइफ २ चा डेमो २०२५ च्या मार्चमध्ये. दोन्ही बघा, डोळे दिपतात. पण ते मुख्यतः डायरेक्टथ्रीडी ८-९ च्या साध्या, ठरीव पद्धतीनं चित्र काढणाऱ्या गेमांवर नीट चालतं, प्रत्येक गेमसाठी माणसांनी महिनोन्‌महिने दिवे आणि पृष्ठभाग हातानं लावावे लागतात, आणि तुमच्या ४०६० चा घाम निघतो. घरी बसून एका संध्याकाळी व्हाइस सिटीवर चढवायची ही गोष्ट नव्हे.

काम करतानाच्या चार सवयी सांगतो, कारण निम्मी भांडणं त्यांच्यामुळे होतात. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. तिथे विंडोज लिहायला अडवतं आणि आयएनआयमधला बदल दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. डी ड्राइव्हवर 'गेम्स' फोल्डर करा. हात लावण्याआधी अख्ख्या फोल्डरची प्रत काढा, आजच्या डिस्कवर दोन-तीन जीबी म्हणजे काहीच नाही. एका वेळी एकच बदल करा आणि गेम चालवून बघा. पाच गोष्टी एकदम टाकून गेम बंद पडला की कुणी बिघडवलं हे देवालाही सांगता येत नाही. आणि मॉडसोबतची वाचा-मला फाइल खरंच वाचा.

शेवटचं, आणि तुमच्या बाबतीत सगळं कदाचित यावरच अडेल: तुमच्याकडची कॉपी कुठली? त्या काळी कॅफेत फिरणारी व्हाइस सिटी बहुधा 'रिप' असायची, रेडिओ उडवलेला, आवाज कापलेले, ईएक्सई कुणीतरी छेडलेली. तीच जुन्या सीडीवरून उचलली असेल तर वरचं निम्मं चालणार नाही. व्हाइस सिटीचे बहुतेक मॉड १.० आवृत्तीची ईएक्सई धरून लिहिलेत. स्प्लिंटर सेल जीओजी या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये स्वस्तात येतो, तो सरळ विकत घ्या. उत्तरात व्हाइस सिटीच्या ईएक्सईची आवृत्ती आणि स्प्लिंटर सेलमधल्या एखाद्या जाळीच्या सावलीचा स्क्रीनशॉट टाका. सावली बघितली की पुढचं लगेच सांगता येईल.